माती तपासता, मग मुलाचा कल का तपासत नाही?

वाचकहो, आल्याची लागण करायची म्हटली की तुम्ही काय काय करता? रानाची माती पिशवीत भरून तपासायला देता. बेणे कुणाकडचे घ्यावे हे चार जणांना विचारता. विहिरीचे पाणी उन्हाळा काढील का, याचा अंदाज घेता. मागच्या साली दर काय मिळाला आणि औंदा गावात किती जणांनी लागण केली, तेही पाहता. आता दुसरा प्रश्न विचारतो, राग मानू नका. मुलगा बारावी झाला किंवा पदवीचा कागद घेऊन दारात आला, तेव्हा त्याने पुढे काय करावे हे ठरवताना यातले तुम्ही काय काय केलेत?

मी स्वतः यातले काहीच केले नव्हते. एकदा नव्हे, दोनदा. म्हणून हे चार शब्द तुमच्यासाठी लिहायला बसलो आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. १९७६ साली मुंबईला आलो, भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि मुलुंडला बिऱ्हाड केले. त्या वेळचा आग्रा रोड, म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांनी भरलेला होता. पाळी सुटली की रस्त्यावर सायकली आणि डबे यांखेरीज काही दिसत नसे. तिकडे अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत होती, १९७३ साली सुरू झालेले सीप्झ होते. बोरिवलीच्या अलीकडे कांदिवलीला ट्रॅक्टरचा कारखाना होता. तुमच्यापैकी एखाद्याच्या दारातला ट्रॅक्टर तिथेच तयार झालेला असेल.

त्या दिवसांत नोकरी कशी मिळे? गावातला कुणीतरी आत असे. तो साहेबाच्या कानावर घाली आणि पोरगा चिकटे. पोराला काय येते, काय आवडते, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे. ‘आपला आत कोण आहे?’ एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळाले की करिअर ठरले.

माझ्या धाकट्या भावाचे असेच झाले. त्याला लहानपणापासून इंजिनाचे वेड. विहिरीवरचे ऑइल इंजिन बंद पडले की तो सोळाव्या वर्षी सगळे उघडून परत जोडायचा. त्याने साताऱ्याच्या आय.टी.आय.चा फॉर्म आणला होता. सहीसाठी तो फॉर्म माझ्याकडे आला, कारण वडील सही माझ्याच हातची घ्या म्हणत. मी त्याला म्हणालो, “दोन वर्षं शिकून काय करणार? गिरणीत आपला माणूस आहे. बदलीत लाग, उद्यापासून पगार. मुंबईत गिरणी काय बंद पडते होय?” फॉर्मवर मी सही केली नाही. तो तसाच ट्रंकेत राहिला.

१९८१ साली भाऊ गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढचे तुम्हाला सांगायला नको. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या, कोकणातल्या किती घरांत त्या वर्षी माणसे ट्रंक घेऊन परत आली! माझा भाऊ १९८३ च्या शिमग्याला परतला तो कायमचा. मला तो एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

पुढे माझाही कारखाना १९९० नंतरच्या दशकात बंद पडला. त्या रस्त्यावरचे कितीतरी कारखाने तेव्हा आणि नंतर गेले. त्या जागांवर आता मोठाले बाजार आणि उंच इमारती आहेत. त्या वेळी मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. माझ्या हातात लेथचे काम होते म्हणून मला साकीनाक्याच्या एका गाळ्यात महिन्याभरात दुसरे काम मिळाले. माझ्या शेजारी वीस वर्षे नुसता माल उचलून देणारा माझा मित्र, माझ्यापेक्षा कष्टाळू माणूस, पण त्याला इमारतीच्या दारावर वॉचमन व्हावे लागले. कारखाना गेला तरी हातातली कला माणसाबरोबर चालते. नुसती ओळख मात्र कारखान्याबरोबरच जाते.

एवढे पाहूनही मी शहाणा झालो नव्हतो, हे आता सांगतो.

२०२३ च्या शिमग्यानंतर भावाचा धाकटा मुलगा आमच्याकडे मुलुंडला आला. वय पंचवीस, बी.कॉम. झालेला. तीन वर्षे पुण्याला राहून स्पर्धा परीक्षा दिल्या होत्या. पोरगा गुणी, पण तोंड उतरलेले. आल्या दिवशी माझ्या सौभाग्यवतीने ताट वाढले तर म्हणाला, “काकू, थोडंच वाढा.” तीन वर्षे घरच्या पैशावर खाणाऱ्या मुलाला घासही जड होतो, हे त्या दिवशी मला कळले.

त्याच्या मागोमाग भावाचा फोन आला. बोरिवलीचा एक एजंट भेटला होता. तीन लाखांत ‘पर्मनंट’ नोकरी लावून देतो म्हणत होता, निम्मे पैसे आधी. भावाने विहिरीखालच्या रानातल्या दहा गुंठ्यांचा विसारही घेतला होता. मी म्हणालो, “अरे, तीन लाख म्हणजे काय थोडके झाले?” तो म्हणाला, “दादा, शेतकऱ्याच्या पोराला पोरगी कोण देतंय आता? नोकरी पायजे, ती बी पर्मनंट. जमीन ठेवून काय करू?”

वाचकहो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्याही गावात तिशीपार गेलेली, चांगली कसणारी, निर्व्यसनी मुले बिनलग्नाची असतील. बापाचा जीव कशाने तुटतो ते मी समजू शकत होतो. मी म्हणालो, “बघू, मी पण त्या माणसाला भेटतो.” म्हणजे मी दुसऱ्यांदा तेच करायला निघालो होतो. फक्त या वेळी आतला माणूस ओळखीचा नसून विकतचा होता.

आमचे नशीब असे, की त्या मे-जून महिन्यांत राज्य सरकारने छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने विधानसभा मतदारसंघांत करिअर शिबिरे भरवली. आमच्या भागातल्या शिबिराचा कागद माझ्या नातीने शाळेतून आणला. ती दहावी झालेली. तिच्याबरोबर जायला कुणी नव्हते म्हणून मी गेलो आणि पुतण्याला सोबत घेतले.

भाषणे झाल्यावर मार्गदर्शक एकेकाशी बोलत होते. आमची पाळी आली ती एका मध्यमवयीन बाईंकडे. मी सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, तर त्या हसून म्हणाल्या, “काका, थोडा वेळ तुम्ही बोलू नका. मला यांच्याकडून ऐकायचं आहे.” मी गप्प बसलो. तेव्हा लक्षात आले, की पोरगा घरात असून दोन महिने त्याच्या वतीने आम्हीच सगळे बोलत होतो.

बाईंनी विचारले, “परीक्षा किती वेळा दिलीत? किती गुणांनी राहिलात?” तो म्हणाला, “तीनदा. पूर्वपरीक्षा एकदाच पार झाली.”

“घरून महिन्याला किती पैसे यायचे?”

“आठ हजार.”

बाईंनी त्यालाच कागदावर गुणाकार करायला लावला. तीन वर्षांचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार झाले. तो आकडा त्याने कधी मांडला नव्हता. मीही नाही आणि गावाकडे पैसे पाठवणाऱ्या भावानेही नाही. बाई टोचून बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “हे गेले ते गेले. पण पुढचा खर्च आता डोळे उघडे ठेवून करायचा.”

मग विचारले, “गावी असलात की दिवसभर काय करता?” पुतण्या जरा लाजला. म्हणाला, “शेतात मदत करतो. आणि मोटरी बघतो. स्टार्टर जळतो, केबल फुटते, रात्री लाइट आली की फोन येतात. रिवाइंडिंगवाल्याजवळ बसून थोडं शिकलोय.”

“पैसे घेता?”

“गावातलेच लोक. काय घ्यायचं?”

त्या वेळी त्याचा चेहरा मी पाहिला. तो चाळीस वर्षांपूर्वीचा माझा भाऊ होता. पोरगा माझ्या घरात दोन महिने होता. आमचा बिघडलेला पंखा त्याने आल्या आठवड्यातच नीट केला होता. पण मला काही सुचले नव्हते. परक्या बाईला दहा मिनिटांत दिसले.

शिबिर एका दिवसाचे होते. बाईंनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले आणि एक काम नेमून दिले. कागदाचे तीन भाग करायचे. पहिल्यात आपल्याला काय येते आणि काय करताना कंटाळा येत नाही ते लिहायचे. दुसऱ्यात आसपास कोणती कामे आहेत, त्यांना काय शिक्षण लागते, सुरुवातीला काय मिळते आणि चार वर्षांनी काय, ते लिहायचे. तिसऱ्यात आपल्या घरची ताकद लिहायची, म्हणजे किती दिवस थांबता येईल, किती पैसे घालता येतील. दुसरा भाग घरी बसून लिहायचा नाही, त्या कामावरच्या माणसांना भेटून लिहायचा, असे त्यांनी बजावले.

पुतण्या तीन दिवस फिरला. पहिल्या दिवशी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेला. तिथल्या कचेऱ्यांत हिशेबाची कामे करणारी बी.कॉम. झालेली मुले त्याने जेवणाच्या सुट्टीत गाठली. बहुतेक जण कराराने लागलेले, आणि टॅली, जीएसटी नीट शिकलेल्यालाच पुढे वाव आहे असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलुंड-घाटकोपरचे मोठे बाजार आणि घरपोच माल नेणारी मुले पाहिली. पैसे लगेच मिळतात, पण दोन वर्षांनी काय, असे विचारले तर एक जण म्हणाला, “हेच.” तिसऱ्या दिवशी बोरिवलीला जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत गेला. तिथे लिफ्टचे आणि विजेच्या पॅनलचे काम चालले होते. सोलापूरकडचा एक आय.टी.आय. झालेला कारागीर भेटला. पुतण्या त्याच्याजवळ दोन तास उभा होता. घरी आला तो काकूला म्हणाला, “भूक लागलीय.”

दुसऱ्या भेटीत बाईंनी त्याला कुठलाही हुकूम केला नाही. म्हणाल्या, “मी नोकरी देत नाही. नोकरीची खात्रीही देत नाही. पुढच्या पाच वर्षांत कुठलं काम राहील आणि कुठलं जाईल, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून ज्याचा उपयोग चार ठिकाणी होईल आणि गावाकडेही होईल, असं काहीतरी हातात हवं.” आय.टी.आय.ला वयाची वरची अट नसते, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. वीजतंत्रीचा, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते. आणि त्यासाठी मुंबईत राहायचीही गरज नाही, आपल्या तालुक्याला आय.टी.आय. आहे, म्हणाल्या. ज्या दरवाजासाठी आम्ही मुंबई पालथी घालत होतो, तो घरापासून एसटीच्या एका तिकिटावर होता!

एजंटाबद्दलही त्यांनी दोनच प्रश्न विचारायला सांगितले. या जागेची जाहिरात कुठे आली आहे, आणि नेमणुकीचा आदेश कोण काढणार? मी फोन करून विचारले. तो आधी हसला, मग चिडला, आणि नंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

आता राहिला भाऊ. फोनवर तो भडकला. “बी.कॉम. झालेला पोरगा पक्कड घेऊन फिरणार? लोक काय म्हणतील?” मी रात्रीच्या एसटीने गावी गेलो. ओट्यावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फॉर्मचा विषय काढला. म्हणालो, “तुझा फॉर्म मी अडवला होता. तुला काय येतं ते मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. आता तुझ्या पोराचा फॉर्म तू अडवू नकोस.” भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो फॉर्म अजून आहे ट्रंकेत.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विसाराचे पैसे परत केले.

वाचकहो, ही मार्गदर्शनाची विद्या काही कालची नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी काढली. स्वतःला ओळखा, कामाला ओळखा आणि दोन्हींचा मेळ घाला, ही तीन पायऱ्यांची रीत त्यांचीच. आपल्याकडे मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी सुरू केली. पण ही गोष्ट खेड्यातल्या ओट्यापर्यंत पोहोचली नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली. आमच्या शेजारच्या मुलीचा तो कागद गुणपत्रिकेबरोबर कपाटात गेला. पुन्हा कुणी तो वाचला नाही.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

जिल्ह्याच्या गावी पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत ते सेवायोजन कार्यालय असे. महायुद्धावरून परतलेल्या जवानांसाठी १९४५ साली ही कार्यालये निघाली आणि १९४८ पासून सर्वांना खुली झाली. त्यांचेच नाव आपल्या राज्यात पुढे ‘कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असे झाले. तिथे नाव घातले की घरी कॉल येईल, या भरवशावर कित्येकांची वर्षे गेली. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले, पण यादीतलाच माणूस घ्या असे सांगितले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जागांची जाहिरातही द्यावी, असे म्हटले. म्हणून नुसत्या नोंदणीवर थांबू नका, तिथल्या माणसाशी बोला. नावातला ‘मार्गदर्शन’ हा शब्द वसूल करा. नोंदणी महास्वयम् या सरकारी संकेतस्थळावर आणि २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय करिअर सेवेतही फुकट होते. तेवढ्यासाठी कुणाला शे-दोनशेही देऊ नका.

मोफत किंवा विद्यावेतनाची योजना निघाली की ती नोकरीच समजू नका. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आय.टी.आय. वा पदविकेला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार, मुदत आधी सहा महिन्यांची. चांगला अनुभव मिळाला, पण ते प्रशिक्षण होते. त्यावर लग्नाची बोलणी करणाऱ्यांची फसगत झाली.

मुलगा परदेशी जाणार असेल, तर एजंटाची १९८३ च्या कायद्याखालची सरकारी नोंदणी आधी पाहा. आणि सल्ला देणाऱ्याचा त्या सल्ल्यात काय फायदा आहे, हे नेहमी विचारा. क्लास चालवणारा क्लास लाव म्हणणारच. खत विकणाऱ्याला कोणते खत घालू असे आपण विचारत नाही, तसेच हे.

शेवटचे, स्पर्धा परीक्षा वाईट नव्हे. शेतकऱ्यांची मुले त्यातून अधिकारी झाली आहेत. पण किती वर्षे आणि किती पैसे, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि तो कागद देवघरात लावा.

तुम्ही विचाराल, पुतण्याचे काय झाले? २०२५ साली तो आय.टी.आय. पास झाला. सध्या अंधेरीला शिकाऊ उमेदवार आहे आणि आमच्याकडेच राहतो. पुढे तिथेच लागेल का, हे ठाऊक नाही. लग्नही अजून जमलेले नाही. सगळे गोड झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण सुट्टीला गावी गेला की मोटर दुरुस्तीचे पैसे आता तो घेतो, आणि लोक हसून देतात. काकूने वाढलेले ताट तो पुरे संपवतो.

आणि ते दहा गुंठे? परवा भावाचा फोन आला. म्हणाला, “दादा, विहिरीखालच्या रानात आलं लावलंय. माती तपासून घेतली या वेळी.”

वाचकहो, तुम्हीही या वर्षी माती तपासायला द्याल. त्याच दिवशी संध्याकाळी मुलाला, आणि मुलीलाही, जवळ बसवा. तुम्ही थोडा वेळ बोलू नका. तुला काय येते, काय करताना बरे वाटते, एवढे विचारा आणि ऐका. मग त्यांना घेऊन जाणत्या माणसाकडे जा. पैसे खर्च करण्याआधी जा, नंतर नको.